हाडाचं पाणी

गावात शिरल्यावर आधी मी मुलांचे दात पाहते.
वाईट सवय. गुरांच्या बाजारातली.

हारो तुल्लूत त्या दिवशी सगळी पोरं हसत होती,
पण तोंडावर हात ठेवून.
ओब्से तर ओढणीचं टोक ओठांवर दाबून.
मला वाटलं, लाजतात.
मग खोऱ्यातून वारा आला, टोक सुटलं,
आणि दिसलं, जुन्या किटलीच्या आतल्या अंगासारखं,
तपकिरी, खवले पडलेलं.

पंपावर पाटी होती. देणगीदारांची नावं, साल,
एक हसरा थेंब रंगवलेला.
नऊ वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेनं खणलेली बोअर.
त्याआधी इथं तळ्यातला गढूळ घोट होता, जुलाब होते,
टेकडीमागे वीत-वीत उंचीच्या कबरी होत्या.
त्या थांबल्या.
हेही लिहून ठेवायला हवं.
पाणी नितळ, गार, वास नाही, चव गोड.
फक्त कुणी जोखलं नव्हतं.

परीक्षानळीत लाल औषध टाकलं.
लाल जितका उडेल,
तितकं जमिनीच्या पोटातलं विष जास्त.
उडाला.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाभळीखाली बैठक.
मी सांगितलं: हाडं जाळायची, हवा कोंडून, कोळसा होईतो,
कुटायची, धुवायची, पिंपात भरायची.
पाणी त्यातून गेलं की विष त्या हाडांना चिकटतं,
तुमच्या नाही.

कुणाची हाडं? बदातूनं विचारलं.
जनावर नाव घेऊन कापलेलं? की मेलेलं?
रस्त्याकडेचं? कुत्र्याचं?
शपथ कोण घेणार?
दातांच्या कण्या केल्या मी तीन बैठका.
तिसरीत कॉफीसुद्धा आली नाही.

चौथ्या दिवशी, उजाडायच्या आत, तूफा.
तरुणपणी ऊसमळ्यावर वीस वर्षं
तिथल्या विहिरीचं पाणी प्यालेला.
मान वळत नाही त्याची.
हाक मारली की अख्खा वळतो, दारासारखा.
गाढवावर पोतं, पोत्यात दालाचा.
दालाचा म्हणजे राखाडी. त्याचा बैल.
दोन वर्षांपूर्वीच्या ईदला स्वतःच्या हातानं कापलेला.
हाडं कुंपणामागे रचून ठेवली होती,
कशासाठी, ते त्यालाही सांगता येईना.
"हा ओळखीचा आहे," म्हणाला.
"याच्यातून आलेलं मी पिईन.
माझ्या रानात हाडाची काडं केली यानं,
आता कोळसा."

भट्टी दोन दिवस जळली. वास. रात्रभर कुत्री.
बदातू लांब उभी राहून बघत होती,
दुसऱ्या दिवशी जवळ उभी राहून,
मग मुसळ हातात घेऊन म्हणाली, तुला कुटता येत नाही.

पहिलं पाणी काळं आलं, ओतून दिलं.
दुसरं पिवळट. तेही.
मग एकदाचं नितळ. नळी. औषध.
लाल लालच राहिला.
पोरं हिरमुसली.
या खेपेला जादू झाली नाही.

तूफानं पेला घेतला,
डोकं मागे टाकता येत नाही म्हणून
कमरेतून मागे झुकून प्याला.
काही बोलला नाही. पेला उपडा करून ठेवला.

ओब्सेला मी खरं ते सांगितलं.
तुझे असेच राहतील.
ती बारा वर्षांची. थोडा वेळ पंपाच्या दांड्याकडे बघत राहिली,
मग कडेवरच्या भावाचा ओठ अंगठ्यानं वर उचलला.
हिरड्या, ओल्या, कोऱ्या.
"याचे?"
"पिंपातला कोळसा दर पाच महिन्यांनी बदलला, तर."
तिनं बोटांवर पाच मोजले
आणि एकेका कुंपणाकडे नजर टाकली:
कुणाकडे किती बैल,
त्यातले म्हातारे किती.

निघताना मी जीपमधून हसले.
माझे पुढचे दोन खोटे आहेत,
अदामाच्या दवाखान्यात बसवलेले. मीही याच खोऱ्यातली.
आजवर कुणी ओळखलं नव्हतं.
ओब्से खिडकीपाशी आली, नीट बघितलं,
ओढणी तशीच ओठांवर धरून विचारलं,
"कितीला पडले?"